लॉजचा ओळंबा आणि खोरीपाड्याच्या भिंती

डहाणूच्या पारनाक्यावरून समुद्राकडे निघालात की सुरूच्या झाडांआड एक बसका, कौलारू, पांढरा बंगला दिसतो. फाटकावर पाटी आहे, पण तिच्यावरचा एकच शब्द धड वाचता येतो: लॉज. पुढचं नाव खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकलंय. त्या पाटीने लडक्याला जेवढा ताप दिला तेवढा त्याच्या सख्ख्या मेव्हण्यानेही दिला नसेल. शनिवार आला की सुरतेची नाहीतर मुंबईची एखादी गाडी फाटकाशी थांबणार, काच खाली होणार आणि प्रश्न येणार, "रूम आहे का? एसी?"

लडक्या झाडू भिंतीला टेकवून सांगायचा, "रूम नाय साहेब. एकच खोली आहे, पण तिच्यात कोणी झोपत नाय."

"मग करतात काय?"

"ते मला पण माहीत नाय."

आणि हे अगदी देवाशपथ खरं होतं.

आता तुम्हीही विचाराल, की बाबा करतात काय? तर हे लॉज फ्रीमेसन लोकांचं. दोन-तीनशे वर्षांपूर्वी विलायतेत गवंड्यांच्या मंडळींमधून निघालेली ही संस्था. पुढे गवंडी गेले आणि शेठ, वकील, डॉक्टर तेवढे राहिले. एकमेकांना 'ब्रदर' म्हणायचं, वर्गणी काढून गरिबांना चष्मे नि वह्या वाटायच्या, आणि महिन्यातून एकदा दार लावून आत जे करायचं ते बाहेर बोलायचं नाही. झालं! बोलायचं नाही म्हटलं की गावाला काय, रान मोकळं. कोणी म्हणे आत कवटी पुजतात, कोणी म्हणे नव्या माणसाला बकऱ्यावर बसवून फिरवतात. अख्खं डहाणू त्याला भूतबंगला म्हणून मोकळं झालं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार!

ह्या भूतबंगल्याचा राखणदार, माळी, झाडूवाला, चहावाला, सगळं मिळून एक माणूस: लडक्या शुक्रा वरठा. वय सत्तावन्न. अंगाने काटक, बोलायला मागे, हसायला पुढे. सत्तावीस वर्षांपूर्वी बागेत पाणी घालायला म्हणून आला तो तिथलाच झाला. आठवड्यातले चार दिवस बंगल्यामागच्या खोलीत आणि तीन दिवस तलासरीच्या अलीकडे, हायवे सोडून आत, आपल्या खोरीपाड्यावर.

पाड्यावर त्याचा मान काय विचारता! शेजारचा हाल्या कुणालाही सांगायचा, "लडक्याला आतलं सगळं ठाऊक आहे. पण पोटातलं ओठांवर येऊ देईल तर शपथ." सत्तावीस वर्षं एवढं मोठं गुपित पोटात ठेवणारा माणूस म्हटल्यावर लोक आपापली गुपितंही त्याच्याचकडे आणून ठेवायला लागले. कुणाची पोरगी कुणावर भाळली, कुणी कुणाची कोंबडी मारली, सगळं लडक्याच्या कानात. तो मान हलवायचा आणि गप्प बसायचा. बिचाऱ्याला आतलं काडीचंही ठाऊक नव्हतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडून दाखवण्याएवढा तो खुळा नव्हता.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक. दुपारपासून लडक्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर ओलं फडकं मारायचा, तीन उंच खुर्च्या पुसायचा, मधल्या मेजावर गीता, कुराण आणि पारशी मंडळींचा अवेस्ता मांडायचा. मग सागवानी पेटी उघडून आतली गवंडीकामाची हत्यारं काढायची: काटकोन बघायचा गुण्या, लेव्हल, आणि भिंत उभी सरळ आहे का ते दाखवणारा, लाकडी पट्टीला टांगलेला पितळी ओळंबा. ही सगळी चिंचेने घासून लखलखीत करून मेजावर ठेवायची. चारच्या सुमाराला मंडळी यायची. कमरेला पांढरे ॲप्रन बांधायची आणि मग कुणीतरी म्हणायचं, "चल लडक्या, बाहेर." दार बंद. दाराबाहेर खुर्चीवर लॉजचे दारराखे ब्रदर प्रविणभाई, हातात उपसलेली तलवार. आतून तीन ठोके, बाहेरून तीन ठोके. लडक्या मागे स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवायचा.

त्याला गुपित नको होतं. लोकांना वाटतं तसं काही नाही. त्याला हवा होता तो शब्द. बंद दारातून बाकी काही ऐकू येत नसे, पण ब्रदर, ब्रदर, ब्रदर एवढं मात्र यायचं. ज्यांची पन्नास एकर चिकूची वाडी ते अमृतभाईसुद्धा वीज कंपनीतल्या साध्या कारकुनाला ब्रदर म्हणायचे, आणि तो कारकून उलट त्यांना ब्रदर म्हणायचा. फाटकाबाहेर, भर रस्त्यात, गाडीच्या काचेतून! एकदा लडक्याने प्रविणभाईंना विचारलं होतं. ते म्हणाले, "आपल्यात लहान-मोठा नाही रे. आत सगळे एका सपाटीवर."

"सगळे म्हणजे कुठपर्यंत, भाई?" लडक्याने विचारलं.

प्रविणभाईंनी तलवार दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "चहा झाला का बघ."

त्या दिवसापासून हा प्रश्न लडक्याच्या डोक्यात घर करून बसला. सगळे म्हणजे कुठपर्यंत?

गेल्या वर्षी प्रविणभाईंचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना नवसारीला नेलं. इकडे लॉजची पंचाईत. दारावर माणूस नसेल तर बैठक सुरूच करता येत नाही, आणि दारावरचा माणूस फ्रीमेसनच असावा लागतो. दोन महिने मंडळींनी पाळी लावून बघितली. पण शेठ माणूस तलवार घेऊन बाहेर मच्छर मारत बसणार? आत चाललेलं सोडून! तिसऱ्या महिन्यात कुरकुर सुरू झाली. तेव्हा अमृतभाई, म्हणजे त्या वर्षीचे मुख्य, चहाचा घोट घेता घेता म्हणाले, "आपण आपल्या लडक्यालाच ब्रदर केला तर? लॉजचं काम करणाऱ्याला फी न घेता घ्यायची सोय आहे ने आपल्या नियमात?"

सोय होती. सेक्रेटरी धनेशने पुस्तक काढून कलमसुद्धा वाचून दाखवलं. ह्या धनेशचं चारोटीला हार्डवेअरचं दुकान. माणूस वाईट नाही हो, पण नियम म्हणजे जीव की प्राण. दोन स्क्रू घेतले तरी पावती फाडून देणार. त्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "सोय आहे. पण मग सगळं रीतसर. अर्ज, घरी जाऊन चौकशी, आणि पेटीत गुपचूप गोळी टाकून मतदान, पांढरी होकाराची, काळी नकाराची. एक जरी काळी गोळी निघाली तर नाही म्हणजे नाही."

लडक्या मोरीपाशी उभा होता. त्याने धुतलेला कप परत धुतला, आणि मग तिसऱ्यांदा धुतला. सत्तावीस वर्षं मनात धरलेली गोष्ट अशी चहाबरोबर समोर आली, माणसाने करावं काय? त्याला केवढा आनंद झाला! आणि त्या आनंदातच त्याला आठवण झाली ओळंब्याची.

आता ही ओळंब्याची भानगड सांगायलाच हवी.

लडक्याचा बाप शुक्रा सांगायचा, हत्याराची पूजा करावी आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामाला लावावं. पुजून नुसतं ठेवलं तर ते उपाशी राहतं, आणि उपाशी हत्यार घराला लागतं. म्हणून दसऱ्याला कोयता-कुऱ्हाड पुजली की दुसऱ्या दिवशी सकाळी शुक्रा दोन फाटे का होईना तोडून यायचाच. आता बघा, लॉजमध्ये लडक्याने काय पाहिलं? शेठलोक हत्यारं मखमलीवर मांडतात, त्यांच्यापुढे उभे राहतात, आणि परत पेटीत बंद करतात. काम शून्य! एवढा देखणा पितळी ओळंबा, आणि त्याच्या नशिबी एकही भिंत नाही. लडक्याला त्याची दया यायची, खरोखरीची दया.

अशात पाच वर्षांपूर्वी खोरीपाड्याला सात घरकुलं मंजूर झाली. कुडाची घरं जाऊन विटांची होणार. गवंडी आला, पाया खणला, आणि अच्छाडला कुणीतरी ढाबा बांधायला जास्त रोज देतोय म्हटल्यावर थापी घेऊन जो पळाला तो आजतागायत दिसलेला नाही. लडक्याने तरुणपणी वापीला कारखान्याच्या बांधकामावर तीन वर्षं काढली होती. विटेवर वीट ठेवायला त्याला येत होतं. नव्हता तो ओळंबा. आणि बंगल्यात एक ओळंबा उपाशी पडून होता.

मग काय! रविवारी सकाळच्या एसटीने ओळंबा फडक्यात गुंडाळून खोरीपाड्याला, आणि बुधवारी परत पेटीत, चिंचेने घासून. दुसऱ्या शनिवारी मेजावर हजर. असं दोन वर्षं चाललं. आधी हाल्याचं घर, मग विधवा सुनिताचं, आणि शेवटी स्वतःचं. सातही घरं उभी राहिली आणि कुणाला कानोकान खबर लागली नाही. लडक्याला ह्यात चोरी कधी वाटलीच नाही. उलट आपण शेठलोकांचं राहिलेलं पुण्यच करतोय अशी त्याची समजूत होती.

पण 'घरी चौकशी' हे शब्द कानावर पडले आणि त्याच्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख उजेड पडला: न विचारता नेलेल्या वस्तूला काय म्हणतात?

त्याने पाड्यावर जाऊन सगळ्यांना बजावलं, "शेठलोक येतील. ओळंब्याचं नाव काढायचं नाही."

हाल्या छाती पुढे काढून म्हणाला, "अरे, तू एवढी वर्षं गप्प राहिलास, आम्ही एक दुपार नाही राहणार?"

बायकोला त्याने वेगळं सांगितलं, कारण नर्मदा म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. "नर्मदा, तू नुसता चहा दे."

"देते की," नर्मदा म्हणाली. "मी काय बोलणार मोठ्या माणसांपुढे?"

ठरलेल्या दिवशी अमृतभाईंची गाडी पाड्यावर आली. गाडीतून तिघं उतरले. अमृतभाई, काखेत फाईल घेतलेला धनेश, आणि काठी टेकत चौऱ्याऐंशी वर्षांचे बरजोरशेठ इराणी, लॉजमधले सगळ्यांत जुने. मंडळी ओटीवरच्या खाटेवर बसली. धनेशने फाईल उघडली.

"दारू?"

"सणाला ताडी," लडक्या म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

"कोर्टकचेरी, भांडणं?"

"भांडण हिच्याशी. रोजचं."

अमृतभाई हसले. धनेशने 'नाही' असं लिहिलं. "देवावर विश्वास आहे का? हे महत्त्वाचं आहे. नास्तिक माणूस आपल्याला चालत नाही."

लडक्या गोंधळला. "कुठल्या देवावर विचारता शेठ? आमच्याकडे बरेच आहेत. हिरवा आहे, वाघदेव आहे, नारनदेव..."

"पुरे, पुरे. आणि शपथ कुठल्या ग्रंथावर घेणार?"

आता ग्रंथ कुठून आणायचा? लडक्याने आत बघितलं. कोपऱ्यात भाताची कणगी होती. "आमची कणसरी आहे शेठ. धान्याची देवी. आम्ही भातावर हात ठेवून बोललो की ते खोटं होत नाही."

धनेश नियमाचं पुस्तक चाळायला लागला. बरजोरशेठांनी काठी आपटली. "पुस्तक बंद कर नी, धनेश. अन्नावर हात ठेवून जे माणूस खोटा बोलेल, ते गीतेवर पण बोलेल. भात चालेल. लिही."

इथपर्यंत सगळं कसं छान चाललं होतं! चहा आला. धनेशने कप घेतला, आणि दुकानदाराची नजर ती, भिंतीवर गेली. त्याने हात फिरवला. उठून कोपरा बघितला. "भिंत एकदम साच्यात आहे हो. गवंडी बाहेरचा असणार. ह्या लोकांना कुठलं जमतंय असं सरळ काम."

नर्मदा दारात किटली घेऊन उभी होती. 'ह्या लोकांना' ऐकलं मात्र, तिची किटली खाली आणि पदर कमरेला. "बाहेरचा कोण, शेठ? आमच्या माणसाने बांधलीय! ही पण, आणि पाड्यावरची बाकी सहा पण! तुमच्याच त्या पितळी ओळंब्यानं! या, बघा, कुठे बोटभर जरी वाकडी निघाली तर!"

ओट्याखाली उभ्या असलेल्या हाल्याने कपाळावर हात मारला. लडक्याला वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं.

"आमच्या?" धनेश म्हणाला. "लॉजच्या?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. लडक्याने सगळं सांगितलं. वापीचं सांगितलं, पळालेल्या गवंड्याचं सांगितलं, उपाशी हत्याराचंसुद्धा सांगितलं. धनेशचा चेहरा लाल लाल होत गेला.

"अरे, ती काय साधी वस्तू आहे? शंभर वर्षांचा ओळंबा आहे तो! माणसाने सरळ वागावं ह्याची खूण म्हणून आपण तो मांडतो. आणि तू त्याला चुना-सिमेंट लावलंस? ओळंबा पाहिजे होता तर माझ्या दुकानात मिळतो दीडशे रुपयाला!"

"धुऊन ठेवत होतो, शेठ," लडक्या म्हणाला. दुसरं काही त्याच्या तोंडातून येईना.

बरजोरशेठ उठले. काठी टेकत भिंतीपाशी गेले, म्हातारा गाल भिंतीला लावला, एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने भिंतीच्या कडेने पार टोकापर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "बाकीची सहा घरं कुठे आहेत?"

ऊन रणरणत होतं. पण म्हाताऱ्याने सातही घरं बघितली. प्रत्येक घरी भिंतीला गाल लावला. सुनिताच्या घरी तर आत जाऊन मागची भिंतही बघितली. मागे धनेश, त्याच्या मागे अमृतभाई, त्यांच्या मागे मान खाली घातलेला लडक्या, आणि त्याच्या मागे अख्खा पाडा. परत येऊन म्हातारा खाटेवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"साठ वरस, धनेश. साठ वरस मी ते ओळंब्यावर भाषण ऐकते. सरळ उभा राहा, सरळ चाल. मी पण केला ते भाषण, किती वेळा. आपण सगळे मेसन. मेसन म्हणजे काय रे? गवंडी! आपल्यातल्या कोणी एक तरी भिंत बांधली? एक? मुतारीची पण नाय!"

अमृतभाईंना हसू आवरेना.

मग म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि लडक्याकडे वळला. आवाज कडक झाला. "पण तू विचारायला पाहिजे होता, लडक्या. भिंत सरळ आहे. न विचारता नेला, ते वाकडा आहे."

"हो बाबा," लडक्या म्हणाला. "ते वाकडंच आहे. विचारलं तर नाही म्हणाल, अशी भीती होती. म्हणून नाही विचारलं. खोटं कशाला बोलू?"

धनेशने ते शब्द फाईलमध्ये लिहून घेतले की काय कोण जाणे. फाईल मिटून तो गाडीत जाऊन बसला.

पुढचे पंधरा दिवस लडक्याला भात गोड लागला नाही. नर्मदा रोज म्हणायची, "माझ्या जिभेला आग लागो." तो म्हणायचा, "जाऊ दे, तू खरं तेच बोललीस." पण मनात एकच चाललेलं. लॉजमध्ये अकरा माणसं. दहांची त्याला खात्री होती. अकरावा धनेश, आणि एक काळी गोळी पुरे होती.

मतदानाच्या शनिवारी त्याने नेहमीसारखी फरशी पुसली, खुर्च्या पुसल्या, हत्यारं मांडली. ओळंब्याला हात लावताना धनेश बघतोय का म्हणून मागे वळून पाहिलं. धनेश बघत होता. गोळ्यांची पेटी त्या दिवशी धनेशने स्वतःच लावली. "चल लडक्या, बाहेर." तो स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसला. खिडकीतून लाकडी पेटीत गोळी पडल्याचा टक् असा आवाज यायचा. त्याने बोटांवर मोजले. अकरा झाले. आधणातलं पाणी उकळून निम्मं झालं.

दार उघडलं आणि अमृतभाई बाहेर आले. "अकरा गोळ्या," ते म्हणाले, "अकराही पांढऱ्या. चेहरा काय असा करतोस? हस ने!"

लडक्या हसला नाही. पायरीवर बसून पंच्यात तोंड घालून चक्क रडला. तेवढ्यात धनेश फाईल घेऊन बाजूने गेला. "ए लडक्या," तो म्हणाला, "चहा आण."

गोळी कुणी कुठली टाकली हे विचारायचं नाही असा नियम आहे, आणि लडक्याने कधीच विचारलं नाही. पण काळी एकही नव्हती, एवढं गणित तर आपल्यालाही येतं.

पुढच्या महिन्यात तो आत गेला. नर्मदाने घरच्या तांदळाची टोपली भरून दिली होती. ती त्या तीन ग्रंथांच्या शेजारी ठेवली गेली. दार बंद झालं. आत काय झालं ते मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे तो सांगत नाही.

नर्मदाने विचारून बघितलं. "काय सांगितलं रे आत?"

"सांगायचं नाही."

"आधी पण नव्हतास सांगत."

"आधी ठाऊक नव्हतं म्हणून. आता ठाऊक आहे म्हणून."

"बरं, आता तू बसणार कुठे?"

"दाराबाहेर. तलवार घेऊन."

"आणि आधी कुठे होतास?"

"दाराबाहेर."

नर्मदा पदर तोंडात कोंबून इतकी हसली की शेजारून हाल्या बघायला आला. लडक्याही हसला. पण खरं सांगायचं तर प्रश्न अजून सुटला नव्हता. आत अकराही जणांनी हात हातात घेऊन त्याला ब्रदर म्हटलं होतं, धनेशनेसुद्धा. पण आतलं ते रीतीचं. पाठ केलेलं. फाटकापाशी आलं की अमृतभाई विसरायचे नाहीत, बरजोरशेठ तर मुद्दाम ओरडून म्हणायचे. धनेशचं मात्र "ए लडक्या, डिकीतलं सामान काढ" हे होतं तसंच होतं. सगळे म्हणजे कुठपर्यंत, तर बहुतेक धनेशच्या चारोटीच्या अलीकडपर्यंत.

दारावरच्या कामाचे धडे त्याला धनेशनेच दिले. बोट नाचवत सांगितलं, "ह्या वर्षाचा परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. माझा बाप आला तरी." लडक्याने मान हलवली. गुपित पोटात ठेवायची आणि सांगितलेलं पाळायची त्याला जुनी सवय होती.

तिसऱ्या बैठकीला हे असं झालं. चार वाजले, दार बंद झालं, आतून तीन ठोके आले, बाहेरून लडक्याने तीन दिले. सेक्रेटरीची खुर्ची मात्र रिकामी होती. हायवेला ट्रक उलटून दोन तास वाहतूक तुंबली होती. साडेचारला फाटकाशी गाडी कचकन थांबली आणि धनेश धावत आला, घामाने डबडबलेला, ॲप्रन एका हातात, फाईल दुसऱ्या हातात. तो सरळ दाराकडे निघाला.

लडक्या उठला आणि मध्ये उभा राहिला. तलवार आडवी. "शब्द, शेठ."

"अरे बाजूला हो, उशीर झालाय."

"शब्द."

धनेशने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. वर कौलांकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. ज्याने तो शब्द अकरा जणांना पाठ करायला लावला होता, त्याच्याच डोक्यातून तो साफ उडाला होता. उन्हात दोन तास गाडीत भाजला की होतं असं माणसाचं.

"लडक्या, मी कोण आहे ते तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"शब्द नाही तर आत नाही, शेठ. तुम्हीच सांगितलंय."

सत्तावीस वर्षांत त्या बंगल्यातल्या एकाही शेठला लडक्याने नाही म्हटलं नव्हतं. धनेशच्या मानेच्या शिरा फुगल्या. "ए..." एवढं तो मोठ्याने म्हणाला, आणि तिथेच थांबला. समोरचा माणूस हलत नव्हता. धनेश स्वतः दारावर असता तर तोही हलला नसता, आणि हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. तो मागे सरला, पायरीवर बसला, फाईल मांडीवर ठेवली आणि रुमालाने मान पुसायला लागला. लडक्याने माठातलं पाणी आणून दिलं. धनेश ते घटाघटा प्यायला.

आत कुणीतरी हसलं.

"ब्रदर," धनेश म्हणाला. आवाज इतका खाली होता की लडक्याला वाटलं, आतूनच आला. "ब्रदर लडक्या. आत जरा निरोप दे ना. म्हणावं, सेक्रेटरी शब्द विसरलाय. कुणीतरी येऊन ओळख पटवा. हसतील ते, हसू देत."

लडक्या पटकन दाराकडे वळला, कारण आपला चेहरा त्याला धनेशला दाखवायचा नव्हता. त्याने तलवारीच्या मुठीने तीन ठोके दिले. दार बोटभर किलकिलं झालं.

"कोण आहे बाहेर?" आतून आवाज आला.

"दोन ब्रदर आहेत," लडक्या म्हणाला.